उद्याची कणीक

उद्या कणीक किती भिजवायची, हा प्रश्न आमच्या घरात रोज रात्री निघतो. आई विचारते, आम्ही आपापले आकडे सांगतो, आणि शेवटी ती तिच्या मनातला आकडा बोलते. कधी तो आमच्यापेक्षा दोन किलोंनी कमी असतो, कधी तीन किलोंनी जास्त. कारण विचारलं तर ती म्हणते, "उद्या बघ." बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी रात्री परात रिकामी असते आणि पोळ्याही उरलेल्या नसतात.

मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. दोन मोठे तवे, लाटायला ओटा, भिंतीला लागून पिठाचे डबे, पुढे स्टीलचं काउंटर आणि त्यावर झाकून ठेवलेली पातेली. घडीच्या पोळ्या, ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या, दोन भाज्या, आमटी, भात. होळीला पुरणपोळ्या, गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीला फराळ. बोरिवलीत, पार्ल्यात, घाटकोपरला, भांडुपला अशी केंद्रं गल्लोगल्ली सापडतील. बहुधा स्टेशनपासून घराकडे जायच्या वाटेवर, बहुधा एखाद्या बाईने स्वतःच्या स्वयंपाकघरात सुरू करून मग गाळ्यात आणलेली. त्यांच्याबद्दल कुणी फार लिहीत नाही. उद्योगाच्या पानावर ज्यांचे फोटो येतात त्यांच्या गोष्टीत कोटींचे आकडे असतात. आमच्या गोष्टीत किलोंचे असतात, आणि त्या किलोंमागे जी बुद्धी लागते ती मला कुठल्याही मोठ्या हिशेबापेक्षा कमी वाटत नाही.

कपड्याच्या दुकानात आज न खपलेला शर्ट उद्या खपतो. वाण्याची तूरडाळ महिनाभर पोत्यात थांबते. तव्यावरून उतरलेली पोळी चार-पाच तास पोळी असते, त्यानंतर ती चिवट होत जाते. सकाळची पोळी संध्याकाळी विकायची नाही, हा आईचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. म्हणून कणीक जास्त झाली तर नुकसान. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा आम्ही खातो, लाडू वळतो, कामाला येणाऱ्या मावश्या घरी नेतात, पण तेवढा माल हिशेबातून गेला तो गेलाच. आणि कमी झाली तर त्याहून मोठं नुकसान. काउंटरवर 'पोळ्या संपल्या' अशी पाटी दिसली की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, काय जोरात धंदा आहे! आईला ती पाटी बघवत नाही. रात्री आठ वाजता खांद्याला पर्स आणि हातात भाजीची पिशवी घेऊन गाडीतून उतरलेली बाई "सहा पोळ्या द्या" म्हणते आणि तिला नाही म्हणावं लागतं. त्या बाईला आता घरी जाऊन परात काढायची आहे, हे आईला तिच्या चेहऱ्यावर दिसतं. पुढच्या वेळी ती वाट वाकडी करून आमच्याकडे येत नाही, आणि तिचं काही चुकतही नाही.

ओट्याच्या वर खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं तेव्हा पोळ्यांच्या धंद्याचं खातं म्हणून कुणी ते वापरेल असं त्यांना वाटलं नसेल, पण आमच्याकडे ते त्याच कामाला येतं. संकष्टीला दुपारचा खप पडतो आणि रात्री चंद्रोदयाच्या आधी एकदम गर्दी होते. म्हणून चंद्रोदयाची वेळ बघून कणीक भिजवायची. आषाढी एकादशीला तवा जवळजवळ थंड. श्रावणातल्या सोमवारी उपास सोडणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या पोळ्या लवकर तयार हव्यात. पितृपक्षात काही घरी पाहुणे, काही घरी आमच्या भाज्यांना नकार. गणपतीत अर्धी गल्ली कोकणात जाते आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीकडे पाहुणे येतात, तेव्हा पोळीचा आकडा खाली आणि मोदकाचा वर. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असल्या की घरात आई असते, पण स्वयंपाकाला वेळ नसतो. मे महिन्यात शाळा बंद, डबे बंद. या सगळ्याच्या वर महिन्याची तारीख. पंचवीस तारखेनंतर भाजी कमी जाते, पोळ्या तेवढ्याच जातात, कारण भाजी घरी पिठलं ढवळून भागवता येते. माणसांच्या खिशाचा महिना आमच्या काउंटरवर वाचता येतो.

पावसाळ्यात आई सकाळी रेडिओ लावते, आणि माझ्या फोनवर गाड्यांच्या बातम्या. शीव-कुर्ल्याच्या दरम्यान रुळांवर पाणी साचलं की संध्याकाळी साडेसहापासून नऊपर्यंत टप्प्याटप्प्याने येणारी माणसं येतच नाहीत. अकराला कधीतरी भिजून, दमून उतरतात, तेव्हा आमचं शटर खाली. दुपारी तीनला जी कणीक भिजवायची ती परळ-दादरच्या ऑफिसांत बसलेल्या, अजून निघालेल्याही नसलेल्या माणसांसाठी असते. त्यांची गाडी वेळेवर येईल असं धरून आम्ही पाणी घालतो.

पण रेल्वे आम्हाला गिऱ्हाईक आणून देते एवढंच नाही. ती हातही आणून देते. आमच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या मावश्या दिव्याहून, कळव्याहून येतात. मुलुंडचं भाडं त्यांना परवडत नाही आणि दिव्यात त्यांना एवढं काम मिळत नाही. पहाटेच्या गाडीने त्या येतात, सहाला तवा तापतो. २२ मार्च २०२० पासून सामान्य प्रवाशांसाठी लोकल बंद झाली, तेव्हा हे सगळं एका दिवसात तुटलं. मागणी मात्र तुटली नव्हती. गल्लीत एकेकटे राहणारे म्हातारे होते, मुलं परदेशी, कामाची बाई बंद, आणि हातात पूर्वीसारखी ताकद नाही. आई, मी आणि माझी वहिनी, तिघींनी जेवढं जमेल तेवढं लाटायला सुरुवात केली. तेव्हा केंद्राने कुणाला जगवलं वगैरे मोठं बोलणार नाही. आमचाही गाळ्याचा भाडेकरार चालू होता, आणि त्या पोळ्यांनी आम्हालाही उभं ठेवलं.

एक गोष्ट मात्र मला अजून बोचते. २१ ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या स्त्रियांना लोकलने जायची परवानगी मिळाली. सकाळी अकरा ते दुपारी तीन, आणि संध्याकाळी सातनंतर. गर्दी टाळायची होती, ते मी समजू शकते. पण सहाला तव्यासमोर उभं राहणाऱ्या बाईने अकराची गाडी पकडून काय करायचं? दुपारचे डबे तोवर भरून गेलेले असतात. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांसाठी गाड्या खुल्या झाल्या, पण ठरावीक वेळांत. त्यात पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंतची वेळ होती. ती वेळ जाहीर झाली तेव्हा आईने दिव्याच्या एका मावशीला फोन केला आणि दोघी फोनवर काही न बोलता रडल्या. पोळी लाटणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, दुकानाचं शटर उघडणाऱ्या माणसांचा दिवस किती वाजता सुरू होतो, हे वेळापत्रक करणाऱ्याला ठाऊक असणं केवढी मोठी गोष्ट असते!

आता किमतीबद्दल. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त बोलणी आम्ही इथेच ऐकतो. किलोभर कणकेच्या घडीच्या साधारण तीसेक पोळ्या होतात. गव्हाचा भाव आणि दळणाचे पैसे सगळ्यांना ठाऊक असतात, त्यामुळे काउंटरपुढे उभं राहून लोक मनात भागाकार करतात आणि म्हणतात, "एका पोळीला एवढे? पीठ केवढ्याला पडतं तुम्हाला?" पीठ थोड्याला पडतं, खरं आहे. त्यावर तेल, निळा एकोणीस किलोचा सिलिंडर, गाळ्याचं भाडं, विजेचं व्यापारी दराचं बिल, कागदी पिशवी, आणि या सगळ्यांहून मोठा वाटा लाटणाऱ्या हाताचा. तो हात भागाकारात येत नाही. येत नाही, कारण घरोघरी तो हात आजवर फुकट मिळत आला आहे. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास! त्या पाच तासांतले काही तास पोळपाटावर जातात आणि त्यांची किंमत कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. आम्ही ती पहिल्यांदा वहीत लिहितो, म्हणून आमची पोळी महाग वाटते.

आई भाव वाढवायला घाबरते. मी तिच्याशी यावरून भांडते. रुपया वाढवला की आठवडाभर काउंटरवर तेच बोलणं चालतं, दोन-चार घरं तुटतात, त्यातली काही महिन्याभराने परत येतात. पण न वाढवलेला तो रुपया शेवटी कुठून निघतो, हे पाहिलं की माझा जीव तुटतो. तो मावश्यांच्या पगारवाढीतून निघतो, किंवा आईच्या दुपारच्या झोपेतून. छोट्या धंद्यात तोटा कधी तोटा म्हणून दिसत नाही. कुणीतरी जास्त तास उभं राहतं आणि वही जुळते. हे थांबवायचं असेल तर गिऱ्हाइकाला तोंड देऊन दर सांगावा लागेल. गेल्या वर्षी २२ सप्टेंबर २०२५ ला पोळीवरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा एका काकांनी उत्साहाने विचारलं, "आता स्वस्त होणार ना?" आमची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेखालची, आम्ही तो कर कधी लावलाच नव्हता. हे समजावून सांगताना आईची तव्यावरची पोळी करपली. काकांना मात्र पटलं, आणि जाताना त्यांनी रोजच्यापेक्षा दोन पोळ्या जास्त घेतल्या.

उधारीची वही आमच्याकडे अजून आहे. काउंटरवर क्यूआर कोडची पाटी आहे, पैसे आले की आवाज देणारा डबा आहे, तरी वहीही आहे. महिन्याचे डबे लावणारी बिऱ्हाडं, पेन्शन आली की हिशेब करणारे आजोबा, परगावाहून नोकरीला आलेली मुलं. या वहीचं मूळ मुंबईत फार जुनं आहे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार खानावळीत जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. खानावळ चालवणारी बाई मात्र वाण्याकडून महिनाभर उधार आणायची, त्यावर व्याज भरायची, वेळ पडली तर दागिना गहाण टाकायची. म्हणजे गिरणीकामगाराच्या जेवणाला भांडवल पुरवायची ती, आणि तिला भांडवल पुरवायचा सावकार. हे प्रेमा पुरव यांनी जवळून पाहिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट केले, एकीला दुसरी जामीन राहील असं ठरवलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं. गहाण ठेवायला काहीच नसलेल्या बाईची पत तिच्या शेजारणीच्या शब्दावर मोजायची, ही त्या काळात बँकांना शिकवायची गोष्ट होती. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि खानावळींच्या वह्यांतली येणी वह्यांतच राहिली. उधारी म्हणजे काय, तर समोरच्याच्या उद्यावर ठेवलेला भरवसा. त्याचा उद्या बुडाला की आपलाही बुडतो. आमची वही मी उघडते तेव्हा मला त्या बायकांची आठवण येते, आणि तरीही मी ती बंद करायला आईला सांगत नाही.

आमचं भांडवल भिशीतून येतं. गल्लीतल्या बायकांची भिशी, आणि आईचा नंबर दिवाळीच्या आधी लागावा अशी सगळ्याजणी सोय करतात. कारण फराळाच्या ऑर्डरीसाठी बेसन, साजूक तूप, खोबरं, सुका मेवा, तेलाचे डबे एकदम भरावे लागतात आणि पैसे येतात पाडव्यानंतर. मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं, शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या ताईंनी करोनानंतर स्वनिधी योजनेचे दहा हजार घेतले, फेडले, पुढचं कर्जही घेतलं. योजना खोट्या नाहीत. अडचण वेगळी आहे. बँकेची वेळ आणि आमच्या तव्याची वेळ एकच. कागदपत्रं घेऊन बसायचं तर एका बाईचा एक वेळ जातो, आणि दोन तव्यांच्या केंद्रात एक बाई नसणं म्हणजे निम्मं केंद्र बंद असणं. अन्नपदार्थांची नोंदणी, दुकानाची नोंद, उद्यमचा दाखला, वजनकाट्याची तपासणी, हे सगळं आता बरंचसं घरबसल्या होतं आणि ते मी रात्री करते. मोजकीच माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याने नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते, हे कळलं तेव्हा आईला कित्येक दिवस खरं वाटलं नव्हतं.

गाळा मात्र ऑनलाइन मिळत नाही. मुलुंडमध्ये जुन्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत, त्यांच्या जागी उंच इमारती उठत आहेत. फ्लॅटवाल्यांना नवं घर मिळतं, तोवर बिल्डर भाडं देतो. गाळ्याच्या मालकालाही मिळतं. त्या गाळ्यात भाड्याने बसून ज्यांनी वर्षानुवर्षं गल्लीला वळण लावलं त्यांच्या हातात करार संपल्याचा कागद येतो. आमच्या इमारतीच्या सभा सुरू झाल्या आहेत. जिन्यात नोटीस लागते, आई ती पूर्ण वाचते. सभेत बोलायचा अधिकार तिला नाही. पोळी-भाजी केंद्र शंभर पावलं सरकलं तरी निम्मी गिऱ्हाइकं तुटतात, कारण ती स्टेशनवरून घरी जायच्या सरळ रेषेवर बसलेली असतात. नवा टॉवर झाला की त्याच्या तळमजल्याचं भाडं पोळीत बसणार नाही. शहराची वाढ म्हणतात ती हीच असेल, तर त्या वाढीत संध्याकाळी गरम पोळी कुठून आणायची याचाही नकाशा कुणीतरी काढायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मग लोक विचारतात, तुम्ही वाढत का नाही? चांगल्या भावनेने विचारतात. दुसरी शाखा काढा, ॲपवर या, मशीन घ्या. मी स्वतःही हे आईला पुष्कळदा विचारलेलं आहे. मशीन आम्ही ठाण्याला जाऊन बघून आलो. तासाला शेकडो पोळ्या टाकतं, सगळ्या गोल, सगळ्या सारख्या. पण त्याची पोळी दाबून सपाट केलेली असते. घडीच्या पोळीत तेलाचं बोट फिरवून, पीठ भुरभुरून, घडी घालून लाटलेले पदर असतात, ती फुगते आणि पदर सुटतात. म्हणून डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. आमचं गिऱ्हाईक त्या पदरांसाठी येतं. ॲपवर गेलो तर प्रत्येक ऑर्डरीतला मोठा वाटा आधी कापला जातो, आणि पोळीत एवढी जागाच नाही. शिवाय पलीकडच्या टोकाला बसलेला माणूस कोण, त्याची संकष्टी आहे की नाही, हे आईला दिसत नाही.

एकदा ऐरोलीच्या एका कंपनीच्या उपाहारगृहाकडून विचारणा आली. रोज शेकड्यांनी पोळ्या, दर निम्मा, पैसे साठ दिवसांनी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायला हवेत असं २००६ चा कायदा सांगतो. मी त्यांना तसं म्हटलंही. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत, साठच म्हणाले. आई शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "गिरणीवाल्याला मी रोज देते. मावश्यांना सात तारखेला देते. साठ दिवस मी कुणाला थांबवू?" साठ सोडाच, पंचेचाळीस दिवसांचा गहू, गॅस आणि पगार म्हणजेच आमचं सगळं भांडवल होतं. ती ऑर्डर आम्ही घेतली नाही. आजही मला त्या दिवशीचा आईचा हिशेब बरोबर वाटतो.

पण प्रश्न राहतोच. वाढायचं नाही म्हणजे काय? गव्हाचा भाव वाढतो, भाडं वाढतं, मावश्यांच्या मुलींची शिक्षणं वाढतात. जागच्या जागी राहणारा छोटा धंदा हळूहळू लहान होत जातो. लिज्जत पापडाची गोष्ट मला या ठिकाणी नेहमी आठवते. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या, ८० रुपये उसने घेतले आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं केली. आज चाळीस हजारांहून जास्त बहिणी त्यात आहेत आणि सगळ्या मालकीण आहेत. त्या वाढीतली खरी हुशारी मला पिठात दिसते. पीठ केंद्रावर एकाच मापाने मळायचं, बहिणींनी ते घरी न्यायचं, लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. चव एका जागी सांभाळली आणि हात हवे तितके वाढू दिले. कारखाना मोठा करावा लागला नाही, घरंच कारखान्याला जोडली गेली. पण पापड वाळतो, पोळी वाळून चालत नाही. पोळीचं पीठ दिव्याला पाठवून मुलुंडला गरम पोळी आणता येत नाही. इतकी वर्षं मी इथेच येऊन अडायची.

दिव्याहून येणाऱ्यांतल्या एक ताई दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून गेल्या. आमच्याकडच्या सगळ्यात चपळ हाताच्या. आई दोन दिवस गप्प होती. त्यांनी दिवा पूर्वेला, स्वतःच्या चाळीच्या पुढच्या खोलीत केंद्र काढलं. दिवा आता बदललं आहे. रोज हजारो माणसं तिथून मुंबईकडे जातात आणि रात्री परततात, दोघं नोकरी करणारी तरुण बिऱ्हाडं तिथे भरली आहेत. पोळ्या हव्या असणारी माणसं होती, पोळ्या विकत घ्यायची सवय नव्हती. पहिले काही महिने ताईंचा आईला रात्री फोन यायचा. "काकी, उद्या गुरुवार मार्गशीर्षातला, किती भिजवू?" आई विचारायची, तुझ्याकडे नोकरीवाल्या बायका किती येतात, लहान मुलं असलेली घरं किती, आज किती उरल्या? आणि मग आकडा सांगायची, तिने कधी न पाहिलेल्या गल्लीचा. हे ऐकताना मला जाणवलं की आई कारण सांगत नाही असं मी समजत होते ते खरं नव्हतं. आम्ही कधी तिला असं नेमकं विचारलंच नव्हतं. ताई हळूहळू विचारायच्या थांबल्या. आता त्यांचा फोन येतो तो गव्हाच्या भावासाठी.

या उन्हाळ्यात दोघींनी गहू एकत्र घेतला. वाशीच्या बाजारातून पोती एकदम आली, भाव थोडा उतरला, टेम्पोचं भाडं अर्धं-अर्धं. आणि आता दिवाळीचं बोलणं चाललं आहे. गेल्या दिवाळीत चकलीच्या ऑर्डरी आम्हाला परत कराव्या लागल्या, तळायला जागा नव्हती आणि हात नव्हते. चकली टिकते. भाजणी एकाच मापाने भाजता येते, एकाच गिरणीत दळता येते. म्हणजे लिज्जतची वाट पोळीला बंद असली तरी चकलीला, कडबोळ्यांना, शंकरपाळ्यांना उघडी आहे. डाळी-तांदूळ धुऊन वाळवणं आणि भाजणं आईकडे, दळण मुलुंडच्या गिरणीत, तळण निम्मं इथे आणि निम्मं दिव्याला ताईंच्या खोलीत. ताईंनी त्यांच्या शेजारच्या दोघींना तयार केलं आहे.

ताईंचं म्हणणं, तळणाची मजुरी किलोवर नको, विक्रीत वाटा हवा. आई सुरुवातीला बिचकली, मग म्हणाली की वाटा दिला तर करपलेली चकली डब्यात यायची नाही. त्या शेजारच्या दोघींनाही वाटा द्यायचा का, आणि भिशीचे पैसे आमच्याकडून गेले तर त्याचं व्याज धरायचं का, एवढं ठरायचं आहे. मला वाटतं, दोघींना द्यावा आणि व्याज धरू नये. रविवारी दुपारचं काउंटर आवरलं की ताई इकडे येणार आहेत, तेव्हा मी हे बोलणार आहे. गेल्या वर्षी परत केलेल्या ऑर्डरींची यादी मी काढून ठेवली आहे, आणि यंदा चकलीचा दर आईला विचारल्याशिवायच त्यावर लिहिला आहे, मजुरी पूर्ण धरून.